लाडवावर नाव, पत्ता, फोन

२ ऑक्टोबर, बुधवार

पहिला बुधवार पार पडला. कुणी मेलं नाही! लिहून ठेवते, कारण सूनबाईंना सगळं लेखी लागतं.

बुधवारी शाळा दीडलाच सुटते. मुलगा क्रेग आणि सून कॅरिसा, दोघंही पाचपर्यंत कामावर. त्यामुळे आजवर ब्रिन्ली (सात) आणि ऑटिस (पाच) शाळेच्याच त्या 'नंतरच्या वर्गात' बसायची. वर्षभर मुलाच्या मागे लागले होते — मला द्या, घर चार गल्ल्यांवर आहे, मी दिवसभर एकटीच असते. शेवटी क्रेग म्हणाला, "आई, ऑक्टोबरचे बुधवार बघू. मग पुढचं ठरवू."

म्हणजे उमेदवारी! एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांना जेवू घातलं — त्यात क्रेग स्वतः होता — आणि सत्तराव्या वर्षी मी उमेदवार. लवॉन डर्क्स, अनुभव भरपूर, भरवसा शून्य.

सोबत यादी आली कॅरिसाच्या फोनवरून. फ्रिजवर लावली आहे. अकरा नियम. खायचा लाल रंग नाही. शेंगदाणे नाहीत — दोघांपैकी कुणालाही त्यांचा त्रास नाही, मी विचारलं. मक्याचं सिरप नाही. पाकीट फोडायच्या आधी मागच्या बारीक अक्षरांचा फोटो पाठवायचा. आणि अकरावा, ठळक अक्षरात — कुणी घरी बनवून दिलेलं काहीही खायचं नाही.

मक्याचं सिरप नाही! आयोवात! खिडकीबाहेर पाहिलं तर क्षितिजापर्यंत मका. माझ्या नवऱ्यानं, वेननं, जन्मभर मका पिकवला, त्या मक्यावर क्रेगचं कॉलेज झालं, लग्न झालं, आणि आता त्याच घरात मक्याला बंदी!

हॅलोविनचे 'मुलांसोबत करण्याजोगे सोपे पदार्थ'ही कॅरिसानंच पाठवलेत. आजचा पदार्थ: संत्रं सोला, वर सेलरीचा देठ खोचा, झाला भोपळा. चार मिनिटं लागली. त्यातली तीन फोटोत गेली.

ऑटिस बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आजी, हे संत्रं आहे."

ब्रिन्ली म्हणाली, "आहेच. पण तसं म्हणायचं नाही."

फार पुढे जाईल ही मुलगी.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज केळ्याची भुतं. अर्धं केळं उभं करायचं, चॉकलेटच्या दाण्यांचे डोळे लावायचे. चॉकलेटचं पाकीट, केळ्यावरचा कागद, दोन्हींचे फोटो पाठवले. उत्तर आलं — "केळं चालेल." आभारी आहे!

फोटो जायचे, उत्तर यायचं, तोवर सोललेली केळी काळी पडली. पाच वाजता कॅरिसा न्यायला आली, तेव्हा ताटात बारा काळीठिक्कर भुतं आडवी पडलेली. ती म्हणाली, "अगदी खरी वाटतायत, लवॉन!" टोमणा होता की कौतुक, अजून कळलेलं नाही. या बाईचं काहीच कळत नाही. हसते, थँक्यू म्हणते आणि घरी जाऊन नियम लिहिते.

ऑटिस भिकाऱ्यांच्या रातीसाठी विनोद बसवतो आहे. आमच्या गावात मुलं तीस तारखेला दारोदार जातात, आणि विनोद सांगितल्याशिवाय कुणी गोळी देत नाही. फुकट काही मिळत नाही हे पोरांना लवकर कळावं, असं वेन म्हणायचा. ऑटिसचा विनोद असा — कोंबडीनं रस्ता का ओलांडला?

"का?" मी विचारलं.

"ते अजून ठरलं नाही."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

बाजारात समोरच्या ओपलबाई दिसल्या. वय ब्याण्णव, पण ढकलगाडी अशी हाणतात की आपणच बाजूला व्हावं. गाडीत नेहमीचंच — नारिंगी-काळ्या कागदातल्या चिकट गोळ्यांची सर्वांत स्वस्त पिशवी. दरवर्षी तीच. त्या गोळ्या कुणी खात नाही, जानेवारीपर्यंत गावभर गाड्यांच्या सीटखाली सापडतात. नर्सची पेन्शन आहे, पोरंबाळं नाहीत, वर्षातून एकदा तरी हात सैल सोडावा! पण काहींचा स्वभावच कंजूस.

"लवॉन," एवढंच म्हणाल्या. मीही "ओपलबाई," म्हटलं. चाळीस वर्षं आमचं एवढंच बोलणं आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

केलं. काय व्हायचं ते होवो.

आजचा 'सोपा पदार्थ' होता चीजच्या कांडीला लाल सिमला मिरचीचं नख — झालं चेटकिणीचं बोट. पहिलं बोट हातात घेऊन ब्रिन्लीनं विचारलं, "आजी, बाबा लहान असताना पण बोटंच करायचे?"

"नाही गं. तेव्हा लोक पदार्थ करायचे."

"कुठले?"

झालं. पाच मिनिटांत कपाटाच्या मागून मक्याचं सिरप बाहेर! फोटो पाठवला नाही. मोठ्या पातेल्यात लाह्या फोडल्या. फट फट सुरू झाल्यावर ऑटिस टेबलाखाली, आणि संपल्यावर पातेल्यात. साखर, सिरप, लोणी, चिमूटभर मीठ. पाक कसा बघायचा ते दाखवलं — थंड पाण्यात थेंब टाकायचा, बोटांनी गोळी वळली की उतरवायचा. ब्रिन्लीनं सहा वेळा थेंब टाकला. सहाव्याला गोळी वळली, आणि पोरगी अशी ओरडली की मला माझी एकोणतीस वर्षं वसूल झाल्यासारखं वाटलं.

मग हाताला लोणी चोपडून लाडू वळायचे, पाक गरम असतानाच, पण हात भाजणार नाही इतपत. दाबायचे नाहीत, गोंजारायचे. ऑटिसचा लाडू बटाट्यासारखा झाला. त्यानं तो खाल्ला आणि नाकावर पाक लावून दहा मिनिटं गप्प बसला. हे मूल गप्प बसू शकतं!

तेरा लाडू. मेणकागदात गुंडाळून वर एकेक चिठ्ठी बांधली — लवॉन डर्क्स, १४ मेपल रस्ता, आणि फोन नंबर.

"फोन कशाला?" ब्रिन्ली.

"म्हणजे खाणाऱ्याला कळतं, कुणी केला. मग कुणी घाबरत नाही."

हे मला कुठून सुचलं कोण जाणे. मी तर कधी असे लाडू कुणाला वाटले नव्हते. पण लाडवाला चिठ्ठी हवीच, असं हातालाच वाटलं.

जाताना दोघांकडून शपथ घेतली — आईला सांगायचं नाही. ऑटिस म्हणाला, "देवाशप्पथ!" आणि दारातच कॅरिसाला म्हणाला, "आम्ही काहीही केलं नाही."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

फोन नाही. मेसेज नाही. सुटले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सुटले नाही. ऑटिसच्या दप्तरात लाडू सापडला. चिठ्ठीसकट! नाव, पत्ता, फोन. आजवर इतका व्यवस्थित सही केलेला गुन्हा कुणी केला नसेल.

कॅरिसाच्या फोनवरून मेसेज आला: "या बुधवारी मुलं शाळेतच थांबतील. पुढचं बोलून ठरवू."

बोलून ठरवू म्हणे! काय चुकलं माझं? लोणी, साखर, मका. विष नव्हतं. या बाईनं माझ्या मुलाला बोटावर नाचवलं आहे. तो लहानपणी पडलेली गोळी उचलून खाणारा मुलगा, आणि हिनं त्याला पाकिटाच्या मागची अक्षरं वाचायला लावलं! शहरातून आली, मका कुठल्या बाजूनं सोलतात माहीत नाही, आणि मला शिकवणार!

रागाच्या भरात स्वयंपाकघर घासून काढलं. उरलेलं सिरपही फेकणार होते. नाही फेकलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

दीड वाजता सवयीनं कोट घातला. परत काढून ठेवला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दारात कॅरिसा. तोंडावर तेच हसू. मी आत या म्हटलं. कॉफी दिली. साखरेच्या पाकिटाचा फोटो काढणार का, असं विचारलं. बरं वाटलं विचारून.

ती हसलीच नाही. म्हणाली, "लवॉन, तो लाडू मी खाल्ला. सिंकपाशी उभी राहून, अख्खा. कसला झालाय! मला शिकवाल का?"

मी कप खाली ठेवला.

"मग नियम मोडल्याचं काय?"

"नियम?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी जोक सांगितला आणि तिला कळला नाही. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. याद्या क्रेग लिहितो. त्याला तुम्हाला पाठवायचा धीर होत नाही, म्हणून माझ्या फोनवरून पाठवतो. तुमच्यासाठी बुधवार मी मागितले होते. भांडून."

साडेतीन आठवड्यांची ही वही आत्ता पहिल्यापासून वाचली. सगळीकडे कॅरिसा, कॅरिसा. आता खोडत बसत नाही. असू दे, माझी मलाच लाज वाटली पाहिजे.

क्रेगला फोन केला. "उद्या चर्चनंतर ये. एकटा."

२७ ऑक्टोबर, रविवार

आला. गाडीत दहा मिनिटं बसून राहिला, मग आत आला. मी मांस-बटाट्याचा रस्सा केला होता. त्यानं चमचा नुसता फिरवला.

"तुला माझ्या हातचं खायची भीती वाटते?" मी सरळच विचारलं.

"तुझ्या हातचं नाही, आई. कुणाच्याही हातचं. मुलांनी खाल्लं की." मग म्हणाला, "आई, तुला ओपलकाकूंचे लाडू आठवत नाहीत का?"

"ओपलबाईंचे कसले लाडू?"

असं म्हणाले मी. आणि म्हणतानाच आठवलं.

मेणकागद. वर बांधलेली चिठ्ठी. ओपल रीस, १५ मेपल रस्ता, आणि फोन. दरवर्षी सबंध गल्लीला लाह्यांचे लाडू. क्रेग तेव्हा पाच वर्षांचा. त्या वर्षी कुठल्या दूरच्या शहरात कुणीतरी औषधाच्या गोळ्यांत विष घातलं होतं, आणि सगळा देश पोरांच्या झोळ्या टेबलावर उलट्या करून तपासत होता. मीही केली. दुकानातलं सगळं ठेवलं. लाडू तेवढा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि बाहेरच्या डब्यात टाकला. गल्लीतल्या बाकीच्या मुलांकडचेही मागून आणले आणि टाकले. मी शाळेची स्वयंपाकीण. माझं सगळ्यांनी ऐकलं.

एवढ्यावर थांबले असते तर! आमच्या चर्चच्या बायकांची प्रार्थनेची साखळी होती — एकीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा सैन्यात, सगळ्यांसाठी प्रार्थना. त्या संध्याकाळी मी साखळीत घातलं — घरी बनवलेल्या खाऊपासून आपल्या मुलांचं रक्षण व्हावं म्हणून प्रार्थना करा. मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. अगदी सभ्यपणे! गावात लाडू करणारी बाई एकच होती.

पुढच्या वर्षीपासून ओपलबाई नारिंगी-काळ्या गोळ्या घेऊन बसायला लागल्या. आणि मी त्यांना कंजूस म्हणायला लागले. बेचाळीस वर्षं!

क्रेगला म्हटलं, "तू एवढासा होतास. तुला काय कळत होतं?"

"मी एक घास आधीच खाल्ला होता," तो म्हणाला.

"काय?"

"तू ओढून घ्यायच्या आधी. तू विष-विष करत होतीस, म्हणून सांगितलं नाही. आपण सकाळपर्यंत मरणार, असं वाटलं. जागा राहून वाट बघितली." तो हसायला गेला, पण नीट जमलं नाही. "सकाळी मेलो नाही. मग वाटलं, उद्या मरू. आठवडाभर चाललं ते."

पाच वर्षांचं माझं पोर शेजारच्या खोलीत मरणाची वाट बघत होतं, आणि मी इकडे फोनवर दुसऱ्यांच्या पोरांसाठी प्रार्थना गोळा करत होते. याला काय म्हणावं? रस्सा परत गरम केला. त्यानं दोन चमचे खाल्ले. माझ्यासाठी, हे कळत होतं.

जाताना मी बुधवारचं विचारलं. नव्हतं विचारायला पाहिजे, पण राहवलं नाही.

"बघू, आई," म्हणाला.

३० ऑक्टोबर, बुधवार

कॅरिसानं अर्धी रजा टाकली आणि मुलांना घेऊन दीड वाजता हजर! "क्रेगला सांगून आलेय," म्हणाली. तिला पाक शिकवला. ब्रिन्लीनं शिकवला खरं तर. मी नुसती उभी. कॅरिसाची गोळी दुसऱ्याच थेंबाला वळली. हे मात्र मला फार आवडलं नाही.

चौदा लाडू. चिठ्ठ्या मुलांनी लिहिल्या. ऑटिसनं माझ्या नावातलं एक अक्षर उलटं काढलंय, पण फोन नंबर बरोबर.

गल्लीतल्या मुलांना अर्थात लाडू नाही दिले. आयांनी फेकलेच असते, आणि कसे फेकतात ते मला माहीत आहे. त्यांच्यासाठी दुकानातली बंद पाकिटं. दारात पातेलं मांडीवर घेऊन बसले. समोर ओपलबाई, मांडीवर पातेलं. मध्ये रस्ता. दोन म्हाताऱ्या, दोन पातेली, आणि दोन्हींत दुकानातला माल! बाजूच्या शेतात कापणीचं यंत्र चाललेलं, धुरळ्यात दिवे लावून.

एकूण एकवीस विनोद ऐकले. त्यातले सतरा ढेकर आणि पादण्याचे. साडेसहाला ऑटिस आला, अंगात कोंबडीचा पोशाख, मागे ब्रिन्ली, तिच्या मागे क्रेग.

"आजी, विनोद ठरला!"

"सांग."

"कोंबडीनं रस्ता का नाही ओलांडला?"

"का?"

"घाबरली."

एवढंच. तो वाट बघत होता. मी हसले नाही, म्हणून त्याचं तोंड पडलं. मग हसले, आणि त्याला लाडू दिला. क्रेगकडे बघितलं. ऑटिसनं तिथंच कागद सोडला, आणि क्रेगचा हात अर्धवट पुढे आला. मग त्यानं तो स्वतःच मागे घेतला. मी बघितलं.

ब्रिन्लीनंही एक घेतला. मी एक क्रेगपुढे धरला. "विनोद सांगावा लागेल," म्हटलं.

"आज नाही सुचत, आई." पण घेतला. चिठ्ठी वाचली, आणि कोटाच्या खिशात ठेवला. खाल्ला नाही.

मग समोर बघत म्हणाला, "त्यांना एक दिलास का?"

३१ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. सोळा पावलं आहेत. मोजत गेले, म्हणजे परत फिरता येणार नाही.

ओपलबाईंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. मी घरून ठरवून नेलेलं सगळं भाषण विसरले. लाडू पुढे केला आणि म्हटलं, "तेव्हा ती प्रार्थना मी घातली होती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "साखळीत माझा नंबर तुझ्यानंतर चौथा होता."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा न्यायच्या आधी तुझा डबा दिसला. झाकण लागत नव्हतं. माझ्या चिठ्ठ्या वर. नाव, पत्ता, फोन." लाडू हातात घेतला. चष्मा वर करून चिठ्ठी वाचली, फोनच्या आकड्यांसकट, मोठ्यानं. "एकीनं तरी फोन करून विचारायचं होतं, लवॉन. म्हणूनच तर लिहीत होते."

मी चुकले म्हटलं. दोनदा म्हटलं.

त्यांनी मेणकागद सोडला. लाडू वास घेऊन बघितला, उजेडात फिरवला. मग माझ्या हातात परत दिला.

"आधी तू खा."

खाल्ला. दारात उभी राहून, निम्मा. त्या घास मोजत असल्यासारख्या बघत होत्या. मग उरलेला निम्मा माझ्या हातातून घेतला, आणि दार लावलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पावणेआठला फोन. क्रेग.

"आई, नंबर चिठ्ठीवर होता म्हणून केला."

"काय झालं? मुलं बरी आहेत ना?"

"बरी आहेत. रात्री खाल्ला तो लाडू. उजाडेपर्यंत वाट बघितली."

"मग?"

"बुधवारी शाळा दीडला सुटते."